जुन्या लॅपटॉपचा कार्ड स्लॉट आणि सीएनसीची सिरियल केबल : अंबड-सातपूरला नव्याने लागलेल्यांसाठी

नाशिकजवळच्या अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर या औद्योगिक पट्ट्यात आयटीआय किंवा डिप्लोमा करून लागलेल्या मुलामुलींना पहिल्या काही दिवसांतच एक काम सांगितलं जातं, “हा प्रोग्राम त्या व्हीएमसीवर चढव.” व्हीएमसी म्हणजे प्रोग्रामवर चालणारं उभं मिलिंग मशीन. ते पंधरा-वीस वर्षांचं, त्याला चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल, फॅनक कंपनीचा, पॅनलच्या बाजूला पंचवीस पिनांचं कनेक्टर. हातात नवा लॅपटॉप, त्याला दोन यूएसबी आणि एक एचडीएमआय. मग कुणीतरी कपाटातून यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर काढून देतं. प्रोग्राम अर्धा चढतो आणि स्क्रीनवर अलार्म येतो. पुढचा अर्धा दिवस केबल हलवून बघण्यात जातो.

त्याच कपाटात बहुधा एक जुना जाडजूड लॅपटॉपही पडलेला असतो. त्याच्या कडेला असलेल्या आडव्या खाचेत योग्य कार्ड बसवलं, तर खराखुरा सिरियल पोर्ट, म्हणजे मशीनशी बोलणारा जुन्या पद्धतीचा पोर्ट, मिळतो आणि हा त्रास बराच संपतो. अडचण एवढीच, की या खाचा दिसायला सारख्या आणि आतून वेगळ्या असतात. चुकीचं कार्ड मागवलं की पैसे गेले, आठवडाही गेला. म्हणून हा लेख क्रमाने वाचा, आणि पायरी २ झाल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

१. स्लॉटची गरज आहे का, ते आधी ठरवा

प्रोग्राम छोटे असतील आणि दिवसाकाठी दोन-चारच चढवायचे असतील, तर चांगल्या चिपचा यूएसबी कन्व्हर्टर पुरतो. त्यासाठी जुना लॅपटॉप शोधत फिरू नका. जुन्या बिझनेस लॅपटॉपपैकी काहींना तर मागे नऊ पिनांचा पोर्ट कंपनीतूनच आलेला असतो, उदाहरणार्थ डेल लॅटिट्यूड डी६३०. तसा असेल तर थेट पायरी ५ वर जा.

स्लॉटची खरी गरज पडते ती डीएनसीला. म्हणजे मोल्डचा प्रोग्राम इतका मोठा असतो, की तो कंट्रोलच्या मेमरीत मावत नाही. मग लॅपटॉपवरून एकेक ओळ पाठवत मशीन चालवावं लागतं. यात कंट्रोलचा छोटा बफर, म्हणजे आलेली अक्षरं तात्पुरती ठेवायची जागा, भरला, की तो लॅपटॉपला ‘थांब’ असा संकेत देतो. संकेत मिळाल्यावर लॅपटॉपने जवळजवळ लगेच थांबायला हवं. फॅनकच्या हिशोबात त्यानंतर साधारण दहा अक्षरं चालून जातात. यूएसबी कन्व्हर्टर अक्षरं गठ्ठ्याने पाठवतो. ‘थांब’ ऐकू येईपर्यंत पुढचा गठ्ठा निघालेला असतो, बफर ओसंडतो आणि कटर जॉबवर असतानाच मशीन उभं राहतं. जॉबवर डाग पडतो तो असा. कार्ड स्लॉटमधला खरा सिरियल पोर्ट प्रोसेसरच्या बसला, म्हणजे आतल्या डेटाच्या वाटेला, थेट जोडलेला असतो. तिथे हा उशीर कमी असतो, आणि किती अक्षरं आधी पाठवून ठेवायची तेही आपल्या हातात राहतं. ते कसं ठरवायचं, हे पायरी ४ मध्ये आहे.

२. खाच ओळखा

इथे घाई करू नका. लॅपटॉप बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि खाचेत नीट बघा.

खाचेत आधीच काही बसलेलं दिसलं तर ते बहुतेक वेळा कार्ड नसतंच, धूळ जाऊ नये म्हणून दिलेला प्लॅस्टिकचा डमी तुकडा असतो. शेजारचं बटण दाबा, नाहीतर तुकडाच हलका आत ढकला. तो बाहेर येईल. काही घरगुती एचपी लॅपटॉपमध्ये तर या खाचेत छोटा रिमोट ठेवलेला असायचा.

आत चार शक्यता आहेत.

पहिली, जुना पीसी कार्ड स्लॉट. यालाच बाजारात सगळे पीसीएमसीआयए म्हणतात. हे मानक १९९० साली आलं. कार्ड ८५.६ मिमी लांब आणि ५४ मिमी रुंद, म्हणजे एटीएम कार्डाइतकंच, जाडी मात्र बहुतेक ५ मिमी. आत खोलवर टॉर्च मारला, की खाचेच्या पूर्ण रुंदीभर बारीक पिनांच्या दोन ओळी दिसतात. एकूण ६८ पिना.

दुसरी, कार्डबस. हा पीसी कार्डाचाच १९९५ चा सुधारित अवतार, १६ बिटांऐवजी ३२ बिटांचा. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. फरक कार्डावर दिसतो. कार्डबस कार्डाच्या जोडणीकडच्या टोकाला सोनेरी धातूची पट्टी असते आणि तिच्यावर आठ छोटे उंचवटे असतात. बोट फिरवलं तर जाणवतात. कार्डबसच्या स्लॉटमध्ये जुनं १६ बिटांचं कार्ड चालतं. उलट मात्र चालत नाही. फक्त ५ व्होल्टच्या जुन्या स्लॉटमध्ये कार्डबस कार्ड आत जाऊच नये, अशी कडेला मुद्दाम खोबण केलेली असते. कार्ड अडलं तर जोर लावायचा नाही, कारण ते अडवण्यासाठीच तशी रचना आहे.

तिसरी, एक्स्प्रेसकार्ड. हे २००३ साली आलं आणि वरच्या दोघांशी त्याचं काहीही जुळत नाही. जोडणीला फक्त २६ संपर्क, कार्डाची लांबी ७५ मिमी. रुंदी दोन प्रकारची, ३४ मिमी आणि ५४ मिमी. लोक फसतात ते इथेच. एक्स्प्रेसकार्ड ५४ च्या खाचेचं तोंड पीसी कार्डाइतकंच रुंद असतं, त्यामुळे पट्टीने मोजून काहीच कळत नाही. आत बघावं लागतं. एक्स्प्रेसकार्डात पूर्ण रुंदीभर पिना नसतात. एका बाजूला अरुंद जोडणी असते आणि दुसऱ्या बाजूला आत तिरपी, त्रिकोणी अडणी दिसते. ३४ मिमीचं कार्ड घातलं की ती अडणी त्याला बरोबर जोडणीकडे वळवते. म्हणून ३४ चं कार्ड ५४ च्या खाचेत चालतं. विकत घेताना शक्यतो ३४ चंच घ्या, म्हणजे पुढे दुसऱ्या लॅपटॉपलाही उपयोगी पडेल.

चौथी शक्यता, स्मार्ट कार्ड रीडर. ही खाचही ५४ मिमीच्या आसपास, पण उंचीला अगदी बारीक. बँकेचं कार्ड जाईल एवढीच. ऑफिसच्या डेल-एचपी लॅपटॉपमध्ये ती सर्रास असते. विकणारा “कार्ड स्लॉट आहे साहेब” म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. तिच्यात आपलं कोणतंच कार्ड बसत नाही.

डोळ्यांवर विश्वास बसत नसेल, तर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचं पूर्ण मॉडेल टिपून कंपनीच्या हार्डवेअर मॅन्युअलमध्ये खात्री करा. थिंकपॅड टी६१ मध्ये कार्डबस आणि एक्स्प्रेसकार्ड दोन्ही मिळू शकतात. थिंकपॅड एक्स२२० मध्ये एक्स्प्रेसकार्ड ५४ आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पीसीएमसीआयए अ‍ॅडॅप्टर्स’ असा गट दिसला आणि त्यात रिको किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा कार्डबस कंट्रोलर असला, तर खाच कार्डबसची. एक्स्प्रेसकार्डाचा असा वेगळा गट कार्ड घातल्याशिवाय दिसत नाही. त्यावरून “स्लॉट खराब आहे” असा निष्कर्ष काढू नका.

२०१२-१३ नंतरच्या लॅपटॉपमध्ये या खाचा क्वचितच सापडतात.

३. कार्ड विकत घेणं

नाशिकमध्ये एम. जी. रोड आणि आसपास मोबाइल-कॉम्प्युटरची भरपूर दुकानं आहेत, तिथे विचारायला हरकत नाही. पण हा माल आता कुणी शेल्फवर ठेवत नाही. दुरुस्तीवाल्यांकडे जुन्या डब्यात सापडतो, नाहीतर ऑनलाइन मागवावा लागतो. हाताने बघूनच घ्यायचा असेल, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून संध्याकाळच्या त्याच गाडीने परत येता येतं. जाताना लॅपटॉप बरोबर न्या. दुकानातच कार्ड घालून डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं का ते बघा. नाही दिसलं तर तिथेच परत करता येतं.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा.

कार्डात कोणती चिप आहे? हा प्रश्न एक्स्प्रेसकार्डासाठी फार महत्त्वाचा. एक्स्प्रेसकार्ड स्लॉटमध्ये दोन वाटा असतात, प्रोसेसरकडे थेट जाणारी पीसीआय एक्स्प्रेसची आणि यूएसबीची. स्वस्तातली बरीच सिरियल कार्डं यातली यूएसबीची वाट वापरतात. म्हणजे कार्डाच्या आवरणात तोच यूएसबी कन्व्हर्टर बसवलेला असतो! ज्या त्रासातून सुटायला कार्ड घेतलं, तोच त्रास पुन्हा. आपल्याला पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारं कार्ड हवं. ऑक्सफर्ड चिपची कार्डं तशी मिळतात. खोक्यावर ‘नेटिव्ह पीसीआय एक्स्प्रेस’ असं लिहिलंय का ते बघा. घातल्यावर ओळखायचं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’मधून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. पोर्ट यूएसबी हबच्या फांदीखाली दिसला, तर कार्ड यूएसबीवालं आहे. कार्डबसमध्ये ही भानगड कमी, कारण तिथे यूएसबीची वाटच नसते.

ड्रायव्हर ६४ बिटांचा आहे का? जुन्या कार्डांचे ड्रायव्हर अनेकदा फक्त ३२ बिटांच्या विंडोजपुरतेच निघाले. मशीनसाठीचा लॅपटॉप इंटरनेटला जोडायचा नसेल, तर त्यावर जुनी ३२ बिटांची विंडोज ठेवणं सोयीचं जातं. माझं स्पष्ट मत असं, की हा लॅपटॉप फक्त मशीनचाच ठेवावा. ई-मेल, टॅली, पेनड्राइव्हची देवाणघेवाण काहीही त्यावर नको.

तिसरं म्हणजे ‘अ‍ॅडॅप्टर’पासून सावध राहा. यूएसबीला लावून एक्स्प्रेसकार्ड चालवा, असं सांगणारे छोटे डबे मिळतात. त्यात फक्त यूएसबीची वाट असते, त्यामुळे आपल्याला हवं ते पीसीआय एक्स्प्रेस कार्ड त्यावर चालत नाही. पैसे वाया.

बरोबर ही जुळवाजुळव करून ठेवा:

- कार्ड, आणि त्याच्या ड्रायव्हरची लॅपटॉपमध्येच ठेवलेली प्रत
- डीबी-९ (नऊ पिनी) फीमेल, डीबी-२५ (पंचवीस पिनी) मेल कनेक्टर, दोन्हींची झाकणं, शिल्डवाली केबल
- सोल्डरिंग गन, मल्टीमीटर
- मशीनचं मेंटेनन्स मॅन्युअल आणि इलेक्ट्रिकल ड्रॉइंग
- मशीनच्या सध्याच्या पॅरामीटरची छापील किंवा हाताने लिहिलेली यादी
- दुसऱ्याच्या कंपनीत जाणार असाल, तर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहिलेला रिटर्नेबल गेट पास. नाहीतर संध्याकाळी गेटवर अडकाल
- कार्डाचं जीएसटी बिल

४. कार्ड बसवणं आणि पोर्ट नीट लावणं

पहिल्यांदा ड्रायव्हर टाका, मग कार्ड घाला. लेबल वर, जोडणीचं टोक आत. शेवटच्या काही मिलिमीटरला किंचित दाब जाणवतो आणि कार्ड बसतं. पीसी कार्डात पिना लॅपटॉपच्या बाजूला असतात आणि भोकं कार्डात. तिरकं घातलं तर वाकतात त्या लॅपटॉपच्या पिना, म्हणजे महागाची बाजू. काढताना आधी टास्कबारवरून ‘सेफली रिमूव्ह’ करा, मग बटण दाबा.

कार्ड घालून काहीच झालं नाही, तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. ऑफिसमधून निघालेल्या लॅपटॉपमध्ये आयटी विभागाने सुरक्षेसाठी हा स्लॉट बंद केलेला असू शकतो. पोर्ट किंवा आय/ओच्या यादीत एक्स्प्रेसकार्ड किंवा पीसी कार्ड ‘डिसेबल्ड’ दिसेल, ते ‘एनेबल्ड’ करा.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कॉम पोर्ट दिसेल. त्याच्या ‘प्रॉपर्टीज’, ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या वाटेने जा. तिथे दोन कामं आहेत. पोर्टचा नंबर कॉम १ ते कॉम ४ यांपैकी द्या, कारण जुन्या डीएनसी सॉफ्टवेअरना त्यापुढचे नंबर दिसत नाहीत. आणि ‘ट्रान्समिट बफर’ची सरकपट्टी सगळ्यात कमीच्या (‘लो’) टोकाला आणा. साध्या सिरियल चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा असतो, ऑक्सफर्डच्या चिपमध्ये १२८ चा. तो साठा भरलेला असताना कंट्रोलने ‘थांब’ म्हटलं, तर साठ्यातली अक्षरं निघतातच, आणि कंट्रोलला झेपतात साधारण दहा. चांगलं कार्ड घेऊनही ज्यांना अलार्म येत राहतो, त्यांच्याकडे बहुतेक वेळा ही सरकपट्टीच वर राहिलेली असते.

५. केबल : तयार घेऊ नका, बनवा

बाजारात मिळणारी तयार पंचवीस पिनांची केबल मशीनला लावू नका. फॅनकच्या पंचवीस पिनी कनेक्टरवर २५ नंबरच्या पिनवर २४ व्होल्टचा पुरवठा असतो. तो जुन्या टेप रीडरसारख्या उपकरणांसाठी दिलेला आहे. सगळ्या पिना जोडलेली केबल लावली, तर हे २४ व्होल्ट भलतीकडे पोचू शकतात आणि पोर्ट जळू शकतो. आपल्याला तीनच तारा लागतात.

लॅपटॉपकडे डीबी-९ फीमेल, मशीनकडे डीबी-२५ मेल:

- डीबी-९ ची २ → डीबी-२५ ची २
- डीबी-९ ची ३ → डीबी-२५ ची ३
- डीबी-९ ची ५ → डीबी-२५ ची ७

दोन आणि तीन सरळ जोडलेल्या बघून गोंधळू नका. नऊ पिनी कनेक्टरवर २ ही घेण्याची पिन आहे आणि पंचवीस पिनीवर २ ही देण्याची. त्यामुळे देणारा घेणाऱ्याला बरोबर जोडला जातो.

मग झाकणाच्या आतच छोट्या तारा जोडायच्या. डीबी-२५ वर ४ आणि ५ एकत्र. ६, ८ आणि २० एकत्र. डीबी-९ वर ७ आणि ८ एकत्र. १, ४ आणि ६ एकत्र. या जोडण्यांमुळे कंट्रोलला ‘समोरचं यंत्र तयार आहे’ असं वाटतं. शिल्ड फक्त मशीनच्या बाजूला अर्थ करा. सोल्डर झाल्यावर प्रत्येक पिन मल्टीमीटरच्या बीपवर तपासा आणि २५ नंबरची पिन पूर्ण मोकळी असल्याची खात्री करा.

केबल १५ मीटरच्या आत ठेवा. स्पिंडल किंवा सर्वो मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका.

जोडताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद हवेत. ते शक्यच नसेल, तर निदान लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ठेवा. शेडमध्ये लॅपटॉपचा सॉकेट एका अर्थिंगवर आणि मशीन दुसऱ्यावर असतं. दोन अर्थिंगमधला फरक मग या बारीक तारेतून वाहतो, आणि जळतं ते कार्ड किंवा कंट्रोलचा पोर्ट. डीएनसीसाठी केबल कायमची जोडून ठेवणार असाल, तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा डबा, बसवाच. मालकाला त्याची किंमत सांगताना कंट्रोलच्या बोर्डाचं कोटेशनही शेजारी ठेवा.

६. दोन्ही बाजू जुळवा आणि पहिला प्रोग्राम चढवा

मशीनचं कोणतंही पॅरामीटर बदलण्याआधी आहे ते लिहून घ्या. शिफ्ट इनचार्जला किंवा मेंटेनन्सच्या काकांना सांगून मगच बदला. खाली दिलेले आकडे फॅनकच्या शून्य-आय (0i) घराण्यातल्या कंट्रोलचे आहेत. तुमच्या मशीनचं मॅन्युअल शेजारी ठेवून पडताळा.

- पॅरामीटर २० म्हणजे आय/ओ चॅनल. सिरियल पोर्टसाठी ० किंवा १.
- चॅनल ० असेल तर पॅरामीटर १०३ मध्ये वेग. १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६००, १२ म्हणजे १९२००.
- सेटिंगच्या पानावर पंच कोड आयएसओ.

लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग तोच, डेटा बिट ७, पॅरिटी (अक्षर चुकलं का ते तपासणारा बिट) ईव्हन, स्टॉप बिट २, फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ (तोच ‘चालू’-‘थांब’चा संकेत). हायपरटर्मिनल विंडोज एक्सपीपर्यंत विंडोजबरोबर यायचं. नंतरच्या विंडोजवर टेरा टर्म मोफत मिळतं आणि साध्या कामाला पुरतं. सुरुवात ९६०० ने करा. या सेटिंगला एका अक्षरामागे ११ बिट जातात, म्हणजे सेकंदाला सुमारे ८७० अक्षरं. १०० केबीच्या प्रोग्रामला जवळजवळ दोन मिनिटं लागतात. तो वेळ लागणारच, मध्येच रीसेट दाबू नका.

प्रोग्रामची पहिली ओळ % आणि शेवटचीही %. पहिल्या % नंतर ओ नंबर, उदाहरणार्थ ओ१२३४. कॅमच्या, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोस्टमधून आलेल्या फाइलमध्ये % नसला, तर मशीन नुसतं वाट बघत बसतं आणि नवीन माणूस केबलला दोष देत राहतो.

आता क्रम. प्रोग्राम प्रोटेक्टची चावी उघडा. मोड एडिट. प्रोग्रामच्या पानावर ‘ऑपरेशन’ सॉफ्ट की, मग उजवा बाण, मग ‘रीड’, मग ‘एक्झिक’. स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात ‘एलएसके’ ही तीन अक्षरं लुकलुकायला लागतील. याचा अर्थ कंट्रोल तयार आहे आणि वाट बघतोय. ती दिसल्यानंतरच लॅपटॉपवरून फाइल पाठवा. मशीनवरून लॅपटॉपवर घ्यायचं असेल तर उलटा क्रम: आधी लॅपटॉप ‘रिसीव्ह’वर ठेवा, मग मशीनवर ‘पंच’. घेणाऱ्याने नेहमी आधी तयार राहायचं.

पहिल्यांदा आठ-दहा ओळींचाच प्रोग्राम पाठवा. तो चढला की परत लॅपटॉपवर घ्या आणि दोन्ही फाइल जुळवा. हे जमलं, की मोठा पाठवा. चढवलेला कोणताही प्रोग्राम प्रत्यक्ष जॉबवर लावण्याआधी सेटरने ग्राफिक किंवा ड्राय रनवर बघितला पाहिजे. सिरियलवर एखादं अक्षर बदललं आणि पॅरिटीत पकडलं गेलं नाही, तर कोऑर्डिनेट बदलतो आणि टूल जॉबमध्ये घुसतो. म्हणून पॅरिटी ‘नन’ ठेवायची सवय लावून घेऊ नका.

७. अलार्म आला तर कुठे बघायचं

०८५ : दोन्ही बाजूंचं सेटिंग जुळत नाही, किंवा केबलमध्ये नॉइज आहे. आधी वेग, मग डेटा बिट आणि पॅरिटी. सगळं बरोबर असेल तर वेग एक पायरी उतरवा.

०८६ : कंट्रोलला ‘तयार’ सिग्नल मिळत नाही. केबल ढिली, किंवा डीबी-२५ मधली ६-८-२० ची जोडणी तुटलेली. झाकण उघडून बघा. सोल्डर निघालेला सापडतो.

०८७ : बफर ओसंडला. ‘ट्रान्समिट बफर’ची सरकपट्टी, एक्सऑन-एक्सऑफ चालू आहे का, आणि कार्ड आतून यूएसबीवालं तर नाही ना, या क्रमाने तपासा.

०७० म्हणजे मेमरीत जागा नाही, ०७३ म्हणजे त्या नंबरचा प्रोग्राम आधीच आहे. या दोन्हींचा केबलशी संबंध नाही. तरीही ०७३ आल्यावर केबल बदलणारे लोक दिसतात.

८. मशीनच्या स्क्रीनशेजारची खाच

शून्य-आय घराण्यातल्या बहुतेक फॅनक कंट्रोलवर स्क्रीनच्या कडेला एक छोटं झाकण असतं. त्याच्या आतही पीसी कार्डाचाच स्लॉट आहे, तोच ६८ पिनांचा. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि त्याचा पीसी कार्ड अ‍ॅडॅप्टर घेतला, की बऱ्याच प्रोग्रामसाठी केबलची गरजच राहत नाही. हेच कार्ड जुन्या लॅपटॉपच्या पीसी कार्ड स्लॉटमध्येही थेट बसतं आणि ड्राइव्हसारखं उघडतं. नव्या लॅपटॉपला यूएसबी कार्ड रीडर लागेल.

कार्ड २ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचं घ्या आणि एफएटी फॉरमॅट करा. विंडोज एफएटी३२ किंवा एक्सएफएटी सुचवेल, ते नको. फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत, स्पेस नको. मशीनवर पॅरामीटर २० मध्ये ४ टाका.

घालताना कार्डाच्या कडेची खोबण आणि स्लॉटची बाजू जुळवून बघा. इथेही पिना मशीनच्या बाजूला आहेत. उलटं ढकललं आणि पिन वाकली, तर ती सरळ करायला कंट्रोल उघडावा लागतो. शिफ्ट बदलताना, हात कूलंटने ओले असताना, घाईत हे काम करू नका.

या खाचेचा सगळ्यात मोठा उपयोग बॅकअपचा, आणि तो कुणी शिकवत नाही. मशीन चालू करताना स्क्रीनखालच्या सगळ्यात उजव्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या, की बूटचा मेन्यू येतो. तिथून कंट्रोलच्या एसरॅमची, म्हणजे पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्राम या सगळ्याची प्रत कार्डावर घेता येते. कंट्रोलची बॅटरी उतरली आणि मेमरी पुसली गेली, तर हीच प्रत मशीन परत उभं करते. पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच करा. त्याच मेन्यूत पुसून टाकण्याचेही पर्याय आहेत. प्रत घेतलेल्या फाइलच्या फोल्डरला मशीनचा नंबर आणि तारीख द्या. दोन मशीन एकाच मेकची असली तरी एकाचा बॅकअप दुसऱ्यात टाकायचा नाही.

९. व्हिडिओवाल्यांसाठी थोडंसं

हीच कार्डं आणखी एका कामाला लागतात. २००३ च्या सिंहस्थाच्या आणि त्या काळातल्या लग्नांच्या मिनीडीव्ही टेप अनेकांच्या घरी पडून आहेत. त्या कॉम्प्युटरवर घ्यायला फायरवायर, म्हणजे कॅमेऱ्यांची जुनी जोडणी, लागतं, आणि तो पोर्ट नसलेल्या जुन्या लॅपटॉपला फायरवायर मिळतं ते याच स्लॉटमधल्या कार्डातून. फायरवायरचं टोक यूएसबीत बदलणारे छोटे कनेक्टर अजिबात घेऊ नका. ते फक्त आकार बदलतात, सिग्नल नाही. सहा पिनी टोक उलटं दाबून घातलं, तर त्यातला वीजपुरवठा कॅमेऱ्याचा पोर्ट जाळू शकतो. एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी जागा धरा. टेप चालेल तेवढाच वेळ लागेल.

सोनीची एसएक्सएस कार्डं एक्स्प्रेसकार्ड ३४ च्या आकाराची आहेत आणि पॅनासॉनिकची पी२ कार्डं पीसी कार्डाच्या. ड्रायव्हर टाकला, की योग्य खाचेत ती थेट वाचता येतात.

१०. शेडमधली काळजी

कास्ट आयर्नचं मशीनिंग चालतं, तिथे हवेत लोखंडाची बारीक पूड असते. ती उघड्या खाचेत शिरली, की पिनांमध्ये शॉर्ट होतं. कार्ड नसेल तेव्हा डमी तुकडा परत घालून ठेवा. हरवला असेल तर खाचेवर कागदी टेप लावा. एअर गनने खाच साफ करू नका. शेडच्या लाइनमधल्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि दाबामुळे पूड आणखी आत जाते. मऊ कोरडा ब्रश वापरा.

केबल काढायची तर कनेक्टरचे स्क्रू सोडवून काढा, ओढून नाही. कार्डाला लटकणारी केबल टेबलाच्या कडेला क्लिप करा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ताण कार्डावर येणार नाही. आणि पोर्टचा नंबर, वेग, बिट, पॅरिटी, ‘ट्रान्समिट बफर’चं सेटिंग आणि केबलची पिनजोडणी एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्रपाळीला तुम्ही नसाल, तेव्हा तुमच्या जागी आलेल्याला तोच कागद लागेल.